नियम तपासणारा वैमानिक : फेअरचाइल्डचं बी-५२, जून १९९४

टेकऑफ_सातारा (धागाकर्ता)

अपघातांवरच्या जुन्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं, की विमान पडतं तेव्हा एक तर यंत्र बिघडलेलं असतं, नाही तर हवा खराब असते, नाही तर माणसाच्या हातून चूक होते. फेअरचाइल्डचा अपघात मला या तिन्हींत बसवता येत नाही. यंत्र ठणठणीत होतं. हवा उडण्याजोगी होती. आणि माणूस चुकला म्हणावं, तर तो तीन वर्षं हेच करत आला होता. वरिष्ठांच्या समोर, प्रेक्षकांच्या समोर, कॅमेऱ्याच्या समोर.

माणसाचं नाव लेफ्टनंट कर्नल आर्थर 'बड' हॉलंड. अमेरिकन हवाई दलाचा बी-५२ वैमानिक, वय ४६, उड्डाणाचे ५ हजारांहून जास्त तास. वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन शहराजवळ फेअरचाइल्ड हा हवाई तळ आहे, तिथल्या ९२व्या बॉम्ब विंगमध्ये तो होता. त्याचं पद लक्षात ठेवा: 'स्टँडर्डायझेशन अँड इव्हॅल्युएशन' शाखेचा प्रमुख. म्हणजे तळावरचे बाकीचे वैमानिक पुस्तकाबरहुकूम उडवतात की नाही, हे तपासायचं काम त्याचं.

आता विमान. बी-५२ हे शीतयुद्धातलं आठ इंजिनांचं धूड. पंखांचा विस्तार १८५ फूट. हजारो किलोमीटर जाऊन बॉम्ब टाकून परत यायचं, यासाठी बनलेलं. कसरतींसाठी नाही.

मे १९९१ मध्ये फेअरचाइल्डच्या एअर शोमध्ये हॉलंडने हे धूड मर्यादेबाहेर कलवलं, मर्यादेबाहेर नाक वर करून चढवलं आणि थेट प्रेक्षकांच्या डोक्यावरून नेलं. कुणी काही बोललं नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये एका स्क्वॉड्रनच्या कमांड बदलाचा समारंभ होता. तिथे सलामीचं उड्डाण म्हणून शे-दोनशे फुटांवरून फेऱ्या मारल्या. समारंभाला तळावरचे बडे अधिकारी हजर. तरी काही नाही. १९९२ चा शो, १९९३ चा शो, दर वेळी कोन वाढत गेला. १९९३ मध्ये विमान पंचेचाळीस अंशांच्या वर कललं आणि चढताना नाक ऐंशी अंशांपर्यंत गेलं. १९९३ च्याच एप्रिलमध्ये ग्वामजवळच्या सरावात त्याने मनाई असलेली जवळची फॉर्मेशन घेतली आणि आपल्या क्रूपैकी एकाला बॉम्ब सुटताना बॉम्बच्या कप्प्यातून चित्रीकरण करू दिलं. मुलीच्या सॉफ्टबॉल सामन्यावर त्याने बी-५२ च्या आवळ घिरट्या मारल्या, असंही त्याचे सहकारी सांगत.

या सगळ्यात यकिमाचा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. १० मार्च १९९४. यकिमाच्या बॉम्बिंग रेंजवर बॉम्बफेकीचं चित्रीकरण ठरलं होतं. छायाचित्रकार एका डोंगरकडेवर उभे होते. हॉलंडने एका फेरीत विमान त्या कडेवरून ३० फुटांपेक्षा कमी उंचीने काढलं. हे नुसत्या साक्षीत नाही, फिल्मवर आहे. पुढच्या एका फेरीला चित्रीकरण करणारे कॅमेरा सोडून खाली झोपले. तेव्हा विमान आणि खडक यांच्यात जेमतेम तीन फूट उरले असतील असा अंदाज नंतर काढला गेला. विमानाच्या आत काय चाललं होतं? मागचे लोक 'वर घे, वर घे' म्हणून ओरडत होते. सहवैमानिकाने स्वतः कंट्रोल ओढून विमान वर घेतल्याचं नंतर सांगितलं. आणि हॉलंड हसत होता. ओरडणाऱ्यांपैकी एकाला त्याने भित्रा म्हणून शिवी हासडली.

परत आल्यावर ही गोष्ट गेली लेफ्टनंट कर्नल मार्क मॅकगीहानकडे. तो ३२५व्या बॉम्ब स्क्वॉड्रनचा प्रमुख, ३८ वर्षांचा. तो ऑपरेशन्स ग्रुपचा प्रमुख कर्नल विल्यम पेलेरिनकडे गेला आणि म्हणाला, याला उड्डाणावरून काढा. पेलेरिनने हॉलंडला बोलावून तोंडी समज दिली. हॉलंडने पुन्हा असं करणार नाही म्हणून कबूल केलं. विषय संपला. लेखी नोंद नाही.

मॅकगीहानने मग आपल्या अधिकारात जेवढं होतं तेवढं केलं. त्याने ठरवलं, की माझ्या स्क्वॉड्रनचा कुणीही हॉलंडबरोबर उडणार नाही. उडायचंच असेल तर त्या विमानात मी असेन.

जूनमध्ये पुढच्या एअर शोचं नियोजन सुरू झालं आणि प्रात्यक्षिकाला वैमानिक म्हणून निवड झाली हॉलंडचीच. विंग कमांडर कर्नल विल्यम ब्रुक्सने बजावलं, कलण्याचा कोन ४५ अंशांच्या वर नको, नाक २५ अंशांच्या वर नको. १७ जूनला पहिला सराव झाला. दोन्ही मर्यादा मोडल्या गेल्या. त्या उड्डाणात पेलेरिन स्वतः विमानात होता. त्याने उतरल्यावर ब्रुक्सला कळवलं, की सगळं सुरक्षित आहे, मर्यादेत आहे.

२४ जूनला दुसरा सराव. हॉलंड डावीकडच्या सीटवर, मॅकगीहान उजवीकडे. विंगचा उपप्रमुख कर्नल रॉबर्ट वुल्फ निरीक्षक म्हणून. त्याचं ते त्या तळावरचं शेवटचं उड्डाण, म्हणून उतरल्यावर परंपरेप्रमाणे स्वागत करायला घरची मंडळी धावपट्टीजवळ थांबलेली. चौथा लेफ्टनंट कर्नल केन ह्युस्टन. तालीम संपवून उतरायला आले तर धावपट्टीवर केसी-१३५ टँकर (हवेत इंधन भरणारं विमान). उतरता येईना, म्हणून टॉवरभोवती डावीकडे पूर्ण वळसा घेण्याची परवानगी मागितली. उंची साधारण २५० फूट. वळसा आवळत गेला, वेग उतरत गेला, पंख साठ अंशांच्या पुढे गेले आणि शेवटी जमिनीला काटकोनात उभे राहिले. विमान बाजूवर घसरलं, विजेच्या तारा तोडून आदळलं. चौघंही गेले. वेळ दुपारी २:१६. मॅकगीहानची बायको आणि दोन धाकटी मुलं तळावरच्या घराच्या परसातून बघत होती.

पुढे कोर्ट मार्शल झालं ते पेलेरिनचं. कर्तव्यात कसूर केल्याचं त्याने कबूल केलं. दंड, दरमहा १५०० डॉलर, पाच महिने. आणि लेखी ताशेरे.

माझं मत सरळ आहे. हॉलंडला विमान उडवता येत नव्हतं असं कुणीच म्हणत नाही. त्याला धडा मिळत होता, फक्त उलटा: प्रत्येक शोनंतर वरून शांतता आली आणि त्याने ती परवानगी समजली. तुम्हाला काय वाटतं?

---

अवनी_के

या अपघाताचा व्हिडिओ कितीदा तरी समोर आलाय, पण हे तीन वर्षांचं आधीचं माहीत नव्हतं. वाचताना हात गार पडले.

एक विचारू? मॅकगीहानला इतकं कळत होतं तर तो स्वतः का बसला? त्या दिवशी 'मी येत नाही आणि माझी माणसंही येणार नाहीत' म्हणता आलं नसतं का?

---

कुंपणावरचा

लेख चांगला, पण जरा दुसरी बाजू मांडतो. सगळ्यांनी नियमच पाळले असते तर राइट बंधू आजही डेटनमध्ये सायकली दुरुस्त करत बसले असते.

टेक्स जॉन्स्टन आठवा. ७ ऑगस्ट १९५५, सिएटलचं लेक वॉशिंग्टन, खाली बोटींच्या शर्यती बघायला तुफान गर्दी, विमान कंपन्यांची बडी मंडळी आलेली. या गृहस्थाने बोइंगचं एकुलतं एक चार इंजिनांचं नमुना विमान, डॅश-८०, आडवं गोल फिरवलं. एकदा नाही, दोनदा. कुणाची परवानगी नाही. बोइंगच्या अध्यक्षाने दुसऱ्या दिवशी जाब विचारला तर म्हणाला, मी विमान विकत होतो. आज त्याला दंतकथा म्हणतात. हॉलंडचं विमान त्या दिवशी वळसा पूर्ण करून उतरलं असतं तर त्यालाही शूर म्हटलं असतं. निकाल बघून न्याय करायचा हे मला पटत नाही.

---

टेकऑफ_सातारा

@कुंपणावरचा, निकाल बघून न्याय नको, हे मान्यच. म्हणूनच मी १९९१ पासून सुरुवात केली. यकिमाला कुणी मेलं नाही, तरी ते उड्डाण गुन्हाच होतं.

जॉन्स्टनचं म्हणाल तर अध्यक्ष बिल ॲलनला ते मुळीच आवडलं नव्हतं आणि पुन्हा करू नकोस म्हणून त्याने बजावलं होतं. माझ्या मते तोही बेपर्वाच. पण एक फरक आहे. नीट केलेल्या बॅरल रोलमध्ये विमानावर साधारण एक जी, म्हणजे सरळ उडताना असतो तेवढाच, भार राहतो, विमानाला आपण उलटे झालोय हे जवळजवळ कळतही नाही. जॉन्स्टन चाचणी वैमानिक होता, हे गणित त्याने हिशेबात धरलं होतं. हॉलंडने ज्या वळणात विमान घातलं तिथे गणितच विरुद्ध होतं.

आणि खरा कसरतपटू बघायचा तर बॉब हूव्हर बघा. विमान गोल फिरवताना एका हाताने पेल्यात चहा ओतायचा आणि थेंब सांडायचा नाही. दोन्ही इंजिनं बंद करून लूप, रोल आणि नुसत्या साठवलेल्या वेगावर येऊन उतरायचा. पण त्याचा प्रत्येक खेळ ठरलेला, सराव केलेला, परवानगी घेतलेला असायचा. आपल्याकडे उरलेली उंची आणि उरलेला वेग याचा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असे.

@अवनी, तुमच्या प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो.

---

वायुसैनिक_निवृत्त

तीस वर्षं भारतीय वायुसेनेत विमानांच्या देखभालीत काढली. वैमानिक नाही, पण त्यांनी आणलेली विमानं आम्ही उघडून बघायचो, त्यामुळे दोन शब्द.

विमान कललं की स्टॉल का होतं, म्हणजे पंखांची उचल अचानक का तुटते, ते सोप्या शब्दांत. पंखांची उचल पंखांना काटकोनात असते. विमान सरळ असताना ती सगळी वजन पेलायला लागते. कललं की त्यातला काही भाग बाजूला ओढण्यात खर्च होतो. मग उंची राखायची तर एकूण उचल वाढवायला हवी. ४५ अंशांवर ती १.४ पट लागते, ६० अंशांवर दुप्पट, ७५ अंशांवर जवळजवळ चौपट. आणि उचल वाढवायची म्हणजे स्टॉलचा वेगही वाढतो: ६० अंशांवर साधारण १.४ पट, ७५ अंशांवर जवळजवळ दुप्पट. म्हणजे सरळ उडताना जो वेग सुखाचा, तोच वेग कलल्यावर जीवघेणा. ९० अंशांवर तर पंख वजन पेलतच नाहीत, कितीही वेग असू द्या.

त्यात बी-५२ च्या या मॉडेलला एलेरॉन (विमान कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) नाहीत. विमान बाजूला वळवायचं तर एका पंखावरचे स्पॉयलर (पंखावर उभ्या राहणाऱ्या पट्ट्या) उघडतात, म्हणजे त्या पंखाची उचल मारली जाते. वेग कमी असताना विमान सरळ करायला गेलात तर होती ती उचलही थोडी जाते. जुनी इंजिनं, थ्रॉटल पुढे ढकलला तरी जोर यायला काही सेकंद लागतात. २५० फुटांवर तेवढे सेकंद नसतात. ही गोष्ट हॉलंडला माहीत नव्हती असं शक्य नाही. तो इतरांच्या परीक्षा घेत होता.

आता माझा खरा मुद्दा. विमान उडण्याआधी आणि उतरल्यावर वैमानिक फॉर्म ७०० वर सही करतो. उड्डाणात ठरलेल्या भारापेक्षा जास्त ताण पडला तर त्याने ते लिहायचं असतं. लिहिलं तर आम्ही विमान बाजूला घेतो, पंखांची मुळं, रिव्हेट, सांधे तपासतो. वैमानिकाने हौस म्हणून मर्यादा मोडली आणि लिहिलंच नाही, तर आम्ही ते विमान 'ठीक' म्हणून दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या हातात देतो. त्या दुसऱ्याला काही माहीत नसतं. असल्या धाडसाचं बिल बहुतेक वेळा तिसराच भरतो. चर्चा नेहमी त्या एका उड्डाणाची होते, आधीच्या वीस उड्डाणांनी विमानाचं काय केलं ते कुणी विचारत नाही.

---

खोपोलीकर_भाऊ

काका, दंडवत. पहिल्यांदा स्टॉल समजला.

आमच्याकडे जुन्या घाटात एक एसटी ड्रायव्हर होता. वळणावर समोरचा ट्रक दिसायच्या आत ओव्हरटेक घ्यायचा. मागच्या सीटवरची पोरं शिट्ट्या मारायची, 'मामा, दाबा!' म्हणून. बायाबापड्या देवाचं नाव घ्यायच्या. पण डेपोत तक्रार करायला एकही माणूस गेला नाही, कारण गाडी वेळेच्या आधी पोचायची. हॉलंडच्या शोलाही टाळ्याच पडल्या असणार ना? त्या टाळ्यांवर कोण कोर्ट मार्शल करणार?

---

सांगलीकर

आपल्याकडचं उदाहरण कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. २३ जून १९८०, दिल्ली. संजय गांधी सफदरजंगवरून पिट्स एस-२ए या छोट्या कसरतीच्या विमानात उडाले, बरोबर दिल्ली फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षक कॅप्टन सुभाष सक्सेना. शहरावर, कमी उंचीवर कसरती करताना विमान कोसळलं, दोघंही गेले. (तारीख बघा. १४ वर्षांनी, एका दिवसाच्या फरकाने फेअरचाइल्ड.)

माझे वडील तेव्हा दिल्लीत नोकरीला होते. ते सांगत, लोक गच्चीवरून ती विमानं बघायचे आणि कौतुकही करायचे. त्या काळी बरंच छापून आलं होतं, की नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालकांनी या उड्डाणांत नियम मोडले जातात म्हणून आक्षेप घेतला होता आणि रजेवर जायची वेळ त्यांच्यावरच आली. पिट्स हे कसरतीसाठीच बनलेलं विमान, बी-५२ सारखं नाही. तरीही कमी उंची ती कमी उंचीच.

आणि कॅप्टन सक्सेनांबद्दल कुणी बोलत नाही. शेजारच्या सीटवर बसलेल्या प्रशिक्षकाला पंतप्रधानांच्या मुलाला 'नाही' म्हणणं किती सोपं असेल?

---

कट्टेकरी

झालं. आता धाग्याचं काश्मीर होणार. आणीबाणी, मारुती, नसबंदी, सगळं येईल बघा.

---

सांगलीकर

@कट्टेकरी, मी फक्त विमानाबद्दल लिहिलंय. बाकीच्यासाठी वेगळे धागे आहेत, तिकडे मीही भांडतो.

---

वसुधा_रेंटन

मी लेक वॉशिंग्टनच्या काठावरच राहते. ऑगस्टमध्ये सीफेअर या उत्सवाला ब्लू एंजल्स (अमेरिकन नौदलाचं कसरतपथक) येतात तेव्हा पूर्वी तलावावरचा पूल काही वेळ बंद ठेवायचे, विमानांच्या खाली गाड्या नकोत म्हणून. पहिल्या वर्षी ट्रॅफिकमध्ये अडकून मी चरफडले होते. आता कळतंय का ते. जॉन्स्टनने जे विमान फिरवलं ते डॅश-८० आता वॉशिंग्टन डीसीजवळ डलेस विमानतळाला लागून असलेल्या उड्वर-हेझी संग्रहालयात आहे, कुणी त्या बाजूला गेलं तर नक्की बघा. जवळून बघितल्यावर 'हे उलटं केलं?' असंच तोंडातून निघतं.

नवऱ्याच्या ऑफिसात एक जण त्या काळात फेअरचाइल्डला होता. तो म्हणतो, अपघाताच्या चारच दिवस आधी, २० जूनला, तळावरच्या रुग्णालयात एका माजी सैनिकाने गोळीबार करून चार जणांना मारलं होतं. अख्खा तळ सुन्न होता. तशात एअर शोची तयारी मात्र चालूच.

---

टेकऑफ_सातारा

@वसुधा, बरोबर. तो गोळीबार तळावरच्या सुरक्षा दलाच्या अँडी ब्राउन या तरुणाने थांबवला, साधारण सत्तर यार्डांवरून पिस्तुलाने. सायकलवर गस्तीला होता तो. स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

@अवनी, तुमचा प्रश्न. मॅकगीहानला स्क्वॉड्रनपुरता अधिकार होता. विमान उडणार की नाही, कोण उडवणार, हे वरच्यांच्या हातात. त्याने लेखी तक्रार करून आणखी वर जायला हवं होतं, असं आज खुर्चीत बसून म्हणता येतं. पण त्याच्या वरच्या साखळीत बघा: पेलेरिनने नकार दिलेला. विंगचा उपप्रमुख वुल्फ त्याच विमानात बसलेला. ब्रुक्सने मर्यादा घालून दिल्या, त्या पाळल्या जातात की नाही याची खात्री पेलेरिनच्या शब्दावर सोडली. आणि हॉलंडने आधी काय काय केलंय याची नोंद कागदावर जवळजवळ नव्हतीच, कारण दर वेळी तोंडी समज. तीन वर्षांत वरचे अधिकारी बदलत गेले. प्रत्येक नव्या अधिकाऱ्यासाठी हॉलंड हा पहिल्याच चुकीचा, अनुभवी, दिलखुलास माणूस होता. मला वाटतं मॅकगीहानने हिशेब केला, की कुणीतरी बसणारच आहे, तर ते माझ्या हाताखालचं पोर नसावं. हा हिशेब चुकीचा होता का? मला ठरवता येत नाही.

तळावरच्या काही क्रू मेंबरनी हॉलंडबरोबर उडायला आधीच नकार दिला होता, तोही कळवून. हा माणूस कुणाला तरी मारणार आणि त्यात मला नसायचंय, अशा अर्थाचं एक जण बोलला होता. म्हणजे खालच्यांना सगळं दिसत होतं.

---

कुंपणावरचा

ठीक आहे, हूव्हर आणि हॉलंड एका पारड्यात नाहीत, हे पटलं. पण काकांच्या मुद्द्यावरून एक शंका. मॅकगीहानने शेवटी कंट्रोल ओढले असतील का? आणि इजेक्शन सीट होत्या ना?

---

वायुसैनिक_निवृत्त

कंट्रोलचं मला सांगता येणार नाही. इजेक्शनचं असं. बी-५२ मध्ये वरच्या मजल्यावरच्या सीट वर उडतात, खालच्या मजल्यावरच्या सीट जमिनीच्या दिशेने खाली सुटतात. म्हणजे खाली बसलेल्याला पुरेशी उंची असल्याशिवाय ती सीट निरुपयोगी. निरीक्षक किंवा प्रशिक्षक ज्या जादा जागेवर बसतो तिला तर इजेक्शन नसतंच. त्याने उठून, पॅराशूट घेऊन, मोकळ्या झालेल्या जागेतून उडी मारायची. २५० फुटांवर हे बोलायलाही वेळ नाही. मॅकगीहानने इजेक्शन सुरू केलं होतं, पण पूर्ण बाहेर पडायच्या आत विमान जमिनीवर होतं. शिवाय पंख उभे असताना 'वर' म्हणजे आडवं. सीट आकाशाकडे नाही, क्षितिजाकडे सुटते.

---

अवनी_के

काका, हे वाचून पुढचं काही लिहवत नाही. तरी विचारते. या प्रकरणानंतर अमेरिकन हवाई दल शहाणं झालं का?

---

टेकऑफ_सातारा

शिकवणीत आलं. वैमानिकांच्या क्रू रिसोर्स मॅनेजमेंटच्या (विमानातल्या सगळ्यांनी मिळून, एकमेकांना सावध करत काम कसं करायचं, त्याच्या) वर्गात आजही हे प्रकरण दाखवतात, फक्त वैमानिकांनाच नाही, डॉक्टरांच्या आणि व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणातही. पण शहाणं झालं म्हणावं तर २८ जुलै २०१० बघा. अलास्कातला एल्मेंडॉर्फ तळ, सी-१७ हे मालवाहू विमान (आपल्या वायुसेनेकडेही आहे), एअर शोचा सराव, उड्डाण घेतल्यावर लगेच आवळ वळण, स्टॉलचा इशारा वाजतोय आणि वैमानिक वळण सोडत नाही. चार जण मेले. तिथेही वैमानिक प्रात्यक्षिकांचा जाणकार, इतरांना शिकवणारा. तिथेही मर्यादेपलीकडचं वळण हळूहळू नेहमीचं होऊन बसलेलं.

आणि एअर शो नसतानाही होतं. ३ फेब्रुवारी १९९८, इटलीतलं कावालेसे. अमेरिकन मरीनचं प्राउलर विमान दरीतून ठरलेल्या उंचीच्या कितीतरी खाली, वेगात चाललेलं. त्याने केबल कारची तार कापली. पाळण्यातले वीसही जण मेले. विमान मात्र परत उतरलं. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून वैमानिक सुटला. हवाई दलातून बाहेर काढलं ते विमानातली व्हिडिओ टेप नष्ट केली म्हणून. @कुंपणावरचा, निकाल बघून न्याय करू नये म्हणालात ना, इथे तर निकाल बघूनही झाला नाही.

---

कुंपणावरचा

मरीन म्हणजे मरीन कोअर ना? मग 'हवाई दलातून' कसं?

---

टेकऑफ_सातारा

हो, मरीन कोअरच. सेवेतून, असं वाचा.

---

खोपोलीकर_भाऊ

मला व्यवहाराचं सांगा. पोराला एअरो इंडिया दाखवायला येलहंकाला न्यायचं कबूल केलंय. हा धागा वाचून बायको म्हणते, घरी टीव्हीवर बघा.

---

वायुसैनिक_निवृत्त

जरूर न्या. २८ ऑगस्ट १९८८ ला जर्मनीत रामश्टाइनला इटलीच्या पथकाची तीन विमानं हवेत धडकली आणि एक प्रेक्षकांत येऊन पडलं, सत्तर माणसं गेली. त्यानंतर युरोपात नियम फार कडक झाले. मोठ्या शोमध्ये विमानाची रेषा प्रेक्षकांना समांतर आणि लांब ठेवतात, प्रेक्षकांच्या दिशेने तोंड करून कसरत करत नाहीत. अमेरिकेत वेगवान जेटसाठी हे अंतर १५०० फूट आहे.

फक्त एक करा. पोराला कुंपणाच्या बाहेर, रस्त्याकडेला गाडी लावून फुकटात बघायला नेऊ नका. २२ ऑगस्ट २०१५ ला इंग्लंडमध्ये शोरहॅमला हंटर विमान लूपमधून वर निघू शकलं नाही. मेलेले अकराही जण तिकीट काढून आत बसलेले नव्हते, बाहेरच्या हमरस्त्यावर होते. कुणी गाडीत होतं, कुणी कडेला उभं.

---

खोपोलीकर_भाऊ

तिकीट काढतो. बायकोला हा प्रतिसाद दाखवतो, वरचे नाही.